सर्टिफिकेट नको, वेळापत्रक आणा

आत्ता माझी ओळख 'गिर्यारोहक डॉक्टर' अशी करून दिली गेली. त्यातला डॉक्टर खरा. बाकी मी हिमालयात मळलेल्या वाटेने चालणारा आणि धाप लागली की फोटो काढायला थांबणारा माणूस आहे. विषय दिलाय, 'उंचावरच्या ट्रेकसाठी आपण तयार आहोत का, हे कसं ओळखायचं?' त्याकडे येतोच. आधी एक तक्रार ऐकून घ्या.

ट्रेकचा हंगाम जवळ आला की माझ्या दवाखान्यात ठणठणीत माणसांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात फॉर्म. उंची, वजन, नाडी, बीपी आणि खाली छापलेलं वाक्य, 'सदर व्यक्ती 18,000 फुटांपर्यंत ट्रेक करण्यास सक्षम आहे.' सही, शिक्का, संपलं. अहो, मी डोंबिवलीत बसतो. आमच्याकडे उंचीवर जायचं म्हणजे स्टेशनचा पूल चढायचा! तिथे बसून एखाद्याचा मेंदू पाच हजार मीटरवर काय करेल, हे मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?

एक गृहस्थ आले. पन्नाशीच्या आतले, हाफ मॅरेथॉन पळणारे, कात्रज ते सिंहगड रात्रीत करणारे. म्हणाले, "डॉक्टर, फक्त शिक्का हवाय, बाहेर रिक्षा थांबवलीय." मी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून या म्हटलं. करून आले, उत्तम होती. मग म्हटलं, आता कार्यक्रम दाखवा. "कुठला?" म्हटलं, कुठल्या रात्री कुठे झोपणार, ते. त्यांना वाटलं मी चौकशा करतोय, वहिनींनी काही सांगून ठेवलंय की काय! शेवटी मोबाइलवर सापडलं. एव्हरेस्ट बेस कॅम्प. ट्रेक सुरू होतो त्या नेपाळमधल्या लुक्लापासून वर जाताना नामचेला आणि डिंगबोचेला एकेक रात्र जास्तीची राहायची असते, शरीराला सवय व्हावी म्हणून. यांच्या कार्यक्रमात दोन्ही रात्री कापलेल्या. का, तर सुट्टी कमी आणि ग्रुप 'फिट' आहे. नामचे 3,440 मीटर, टेंगबोचे 3,860, डिंगबोचे 4,410, लोबुचे 4,940, ओळीने चार रात्री, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी म्हटलं, तुम्ही फिट आहात, हा कार्यक्रम अनफिट आहे, सही करणार नाही. ते गेले. सही दुसरीकडे मिळाली, मिळतेच.

पुढचं त्यांनीच परत आल्यावर सांगितलं. डिंगबोचेला डोकं दुखायला लागलं. बोलले नाहीत, कारण रोज सगळ्यांच्या पुढे तेच होते. लोबुचेला उलट्या. तरी म्हणे सूप बाधलं. संध्याकाळी त्यांच्या शेर्पा गाइडने यांना बाहेर जाताना पाहिलं, पाऊल तिरकं पडत होतं, म्हणजे उंचीचा आजार मेंदूपर्यंत पोचल्याची खूण. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, अंधारातच खाली फेरीचेला आणलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासूनचा. गृहस्थ वाचले. आणि त्यांची तक्रार काय होती माहितीये? "डॉक्टर, माझी नाडी तर मस्त होती!"

पहिल्या रांगेतले काका हसताहेत. आपलाही फॉर्म खिशात आहे का?

ही चूक त्यांची एकट्याची नव्हे. 1962 च्या युद्धात आपले जवान सखल भागातून फार वेगाने उंचावर पाठवावे लागले. उंचीच्या आजाराने आजारी पडलेल्यांपैकी 1,925 जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगभर त्याचा दाखला दिला जातो. तरणीताठी, कवायत केलेली माणसं होती ती. त्यांच्यापेक्षा आपण फिट आहोत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. कुणीच नाही? बरं.

कारण साधं आहे. वरच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, कमी होतो तो दाब. साडेपाच हजार मीटरवर तो निम्म्यावर येतो. शरीर श्वास वाढवून जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि ते दमदार छातीच्या हिशोबाने ठरत नाहीत. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. त्याने मांड्या तयार होतात, बाकी त्या उंचीचा इथे काही उपयोग नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. मूळ विषय आता पळवतो, लिहून घ्या.

कार्यक्रम आधी तपासा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्कामाचा दिवस हवा. पूर्वी उंचीवर त्रास झाला होता का, हा प्रश्न ट्रेडमिलपेक्षा जास्त सांगतो. मग हृदय, बीपी, साखर, दमा, हिमोग्लोबिन. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून कुणी असाल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक दोषाची, तपासणी करून घ्या. नुसता वाहक असलात, एरवी काही त्रास नसला, तरी उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. सराव पाठीवर ओझं घेऊन, सलग दोन दिवस, आणि उतरण्याचाही.

वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण रोज द्या. डोकेदुखी असून बेरीज तीन झाली की वर चढायचं नाही. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली. ऑक्सिमीटरचा आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी खोटी ठरत नाही. विमा काढताना उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टर, दोन्ही वाचा. थंडी-वादळही विसरू नका, 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालला कर्नाटकातल्या ग्रुपमधले नऊ जण गेले, ते हवामान बिघडल्यामुळे. परत फिरायची वेळ निघायच्या आधी ठरवायची, वर गेल्यावर नाही.

डायमॉक्स या गोळीबद्दल तीन चिठ्ठ्या आहेत. उंचीचा आजार टाळण्यासाठी मोठ्यांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. घरी एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, लघवी वाढते. म्हणून तंबूत दाराजवळची जागा पकडा.