रक्त थांबवणारी गोळी आणि गालावरचे वांग

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे नाव जिभेला जड, पण पाळीत ज्यांच्या फार अंगावर जातं अशा बायकांना ही गोळी माहीत असते. ऑपरेशनच्या टेबलावर हेच औषध शिरेतून देतात. आणि गंमत बघा, त्वचेचे डॉक्टर गालावरच्या वांगासाठीही हेच लिहून देतात.

हे औषध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलं. बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. लेकीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या राहत. 1962 मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं.

जखम झाली की रक्तात फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि रक्त थांबतं. ही जाळी विरघळवणारं प्लाझ्मिनही शरीरातच असतं. हे औषध प्लाझ्मिनला जाळीवर पकड घेऊ देत नाही, त्यामुळे धरलेली गुठळी टिकते.

मग रुग्णालयांत मोठी परीक्षा व्हायला 2010 का उजाडावं लागलं? क्रॅश-2 या अभ्यासात 40 देशांतले 20 हजारांहून अधिक अपघातग्रस्त होते, त्यांत भारतातलेही. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. सलाईनवाल्यांत शंभरातले 16 दगावले, औषधवाल्यांत साडेचौदा. हा दीडाचा फरक एकट्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात जाणवला नसता. त्यासाठीच एवढे रुग्ण लागले. शिवाय अपघातानंतर तीन तास उलटून गेल्यावर औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले.

2020 साली आतड्या-जठरातल्या रक्तस्रावावर 12 हजार रुग्णांत हेच औषध तपासलं. फायदा शून्य, शिरांतल्या गुठळ्या आणि फिट येण्याचं प्रमाण मात्र वाढलं. 2022 च्या पॉइझ-3 या अभ्यासात हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झालेले साडेनऊ हजार रुग्ण होते. तिथे गंभीर रक्तस्राव शंभरात 11.7 वरून 9.1 वर आला. अवयव बदलला की उत्तर बदलतं, हे मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं.

आता वांग. 1979 साली जपानमध्ये अंगावर पित्त उठण्याच्या उपचारात हे औषध देताना एका डॉक्टरांना रुग्णाचे वांग पुसट झालेले दिसले. उन्हाने त्वचेतलं प्लाझ्मिन वाढतं आणि रंगपेशी चेकाळतात. तिथेच औषध आडवं येत असावं. शस्त्रक्रियेत एकदम एक ग्रॅम देतात, वांगाला बहुधा 250 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, काही महिने. पण इथले अभ्यास लहान आहेत आणि गोळी थांबली की बऱ्याच जणींना डाग परत येतात.

वांगाने जीव जात नाही, म्हणून इथे धोक्याचं माप वेगळं लावायला हवं. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. पायात कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला कमी वयात लकवा मारला का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची ट्यूब लावत असाल तर तीही दाखवा. तिच्यात स्टेरॉइड असलं तर त्वचा पातळ होते. आणि गोळी घेतली तरी सनस्क्रीन रोज लावावंच लागतं, ढगाळ पावसाळ्यातसुद्धा.