रजिस्टरात न उतरलेल्या बायका

आपल्या जिल्ह्यात वर्षाला गर्भपात किती होतात, हा प्रश्न गर्भपातावरच्या सभेत हमखास येतो. आकडा सरकारदरबारी असतोच. पण तो तयार कसा होतो ते आधी सांगते, नाहीतर तो फसवतो.

मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात झाला की 'फॉर्म सी'वर बाईची संमती येते. 'फॉर्म एक'वर डॉक्टर आपलं मत आणि कायद्यातलं कारण नोंदवतो. मग 'फॉर्म तीन', म्हणजे दाखल रजिस्टर. ते गुप्त असतं, कुलपात राहतं. दर महिन्याला नावं वगळून त्याचा गोषवारा वर जातो. जिल्ह्याचा आकडा म्हणजे या गोषवाऱ्यांची बेरीज.

आता एका बाईचं सांगते. रात्री उशिरा आली, साडी भिजलेली, हात गार. काय घेतलंस, विचारलं तर सासूकडे बघत राहिली. सासूला बाहेर बसवलं, तेव्हा पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. "पाळी यायच्या गोळ्या," म्हणाली. किती आठवडे झाले, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी पिशवी साफ केली, केसपेपरवर 'अपूर्ण गर्भपात' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. फॉर्म तीनमध्ये ती नाही, त्या महिन्याच्या गोषवाऱ्यातही नाही.

अशा किती असतील? २०१४-१५ची देशाची सरकारी नोंद सुमारे ७ लाखांची आहे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१५ सालासाठी वेगळ्या वाटेने हिशोब केला. गोळ्यांची विक्री आणि वाटप किती झालं ते पाहिलं, सहा राज्यांतल्या दवाखान्यांची पाहणी केली. अंदाज निघाला १ कोटी ५६ लाखांचा. त्यातले जेमतेम २२ टक्के दवाखान्यात, ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन, आणि उरलेले ५ टक्के इतर, बहुतेक धोक्याच्या उपायांनी. या हिशोबाप्रमाणे दर तीन गर्भारपणांतलं एक गर्भपातात संपतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मात्र हे प्रमाण ३ टक्के आलं! घरी आलेल्या अनोळखी माणसाला, शेजारी कोणी ऐकत असताना, बाई काय सांगणार? आणि त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून 'महाराष्ट्रात गर्भपात कमी' असं कोणी म्हणालं की मी विचारते, कमी झाले की कमी लिहिले गेले?

कारणांच्या आकड्यांचंही तसंच. १८६० सालच्या दंडसंहितेने बाईचा जीव वाचवण्यापलीकडचा गर्भपात गुन्हा ठरवला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८मध्ये तो तसाच बसलेला आहे. १९६४मध्ये समिती नेमली गेली, अध्यक्ष शांतिलाल शाह, आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री. त्यातून १९७१चा कायदा आला. त्याने गुन्हा रद्द केला नाही, अपवाद दिले: जिवाला धोका, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा, बाळात गंभीर व्यंगाची शक्यता. बलात्कार आणि फसलेलं गर्भनिरोधन हे मानसिक इजेतच धरलं गेलं. पण 'गर्भनिरोधन फसलं' हे कारण फक्त विवाहितेसाठी होतं. अविवाहित मुलीसाठी तो रकानाच नव्हता. मग तिची नोंद दुसऱ्या कारणाखाली होई, नाहीतर होतच नसे. पन्नास वर्षांचे कारणांचे तक्ते अशा रकान्यांतून तयार झाले आहेत.

२०२१च्या दुरुस्तीने 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, तेही ठरावीक स्त्रियांसाठी: अत्याचारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मनोरुग्ण. गर्भातल्या गंभीर व्यंगाचं कारणही त्या यादीत आहे. त्यापुढे, बाईचा जीव वाचवण्याची तातडी सोडली तर, फक्त गंभीर व्यंगासाठी, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या सवलतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही.

महाराष्ट्राची गुंतागुंत आणखी वेगळी आहे. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा आपण १९८८ साली केला. तरी २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या, बीडमध्ये ८०७. ही चीड खरी आहे, मलाही आहे. पण तिच्या भरात आपण गर्भपातालाच गुन्हेगार केलं. 'गर्भपात हा गुन्हा आहे' अशी पाटी मी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिली आहे. कारवाईच्या भीतीने औषध दुकानदारांनी गोळ्या ठेवणं सोडलं. सोनोग्राफीत लिंग कळतं ते बाराव्या आठवड्याच्या आसपास आणि पुढे, आणि गोळ्यांची मर्यादा आहे नऊ आठवडे! मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणाऱ्याला या गोळ्यांचा उपयोग काय? अडली ती तिसऱ्याच्या वेळी घाबरलेली, सातव्या आठवड्यातली बाई. तिला चोरून मिळालेलं पाकीट घ्यावं लागतं, आणि मग ती रात्री उशिरा माझ्या दारात येते.

मागच्या महिन्यात एक जण दिवसा आली, एकटीच. "नवऱ्याची सही लागते ना?" मी फॉर्म सी तिच्यापुढे ठेवला. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईसाठी त्यावर सहीची जागा एकच आहे, तिची. तिने तो दोनदा वाचला, मग पेन मागितलं.