टक्केवारी काढण्याची जागा आणि दाखवण्याची जागा

मित्रहो, आपण जळगावात जमलो आहोत, तेव्हा उदाहरण जिनिंगचेच घेऊ. २५० क्विंटल कापसातून ८६.१५ क्विंटल रुई निघाली, म्हणजे उतारा ३४.४६ टक्के पडला. हा आकडा वेबपानावर उमटवायचा, एवढेच आपले काम आहे. जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीच्या टेम्प्लेट भाषेत, म्हणजे पानाचा साचा लिहिण्याच्या भाषेत, मात्र टक्केवारीचा तयार फिल्टर (मूल्याचे रूप बदलून दाखवणारी सोय) नाही आणि गुणाकाराचीही सोय नाही. हिशेब पायथनमध्ये व्हावा आणि टेम्प्लेटने मांडणीपुरते पाहावे, या विचाराने रचनाकारांनी ही मर्यादा जाणूनबुजून ठेवली आहे.

घाईत असलेला माणूस अशा वेळी विड्थरेशो या टॅगकडे, म्हणजे साच्यात लिहायच्या तयार आज्ञेकडे, वळतो. मुळात तो आलेखातील पट्टीची रुंदी काढण्यासाठी आहे. त्याला रुई, कापूस आणि १०० अशी तीन मूल्ये दिली की टक्केवारी मिळते खरी, पण पूर्णांकात. आपल्या पानावर नुसते ३४ उमटतील. गळालेले ०.४६ किरकोळ वाटतात, परंतु २५० क्विंटलांवर ती ११५ किलो रुई होते आणि एवढी तूट कोणताही जिनिंगवाला खपवून घेणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, हंगामाच्या आरंभी कापूस आलेलाच नसतो, भाजक शून्य असतो, तेव्हा हा टॅग कोणतीही तक्रार न करता ० छापतो. उतारा शून्य पडणे वेगळे आणि तो अजून निघालाच नसणे वेगळे. तिथे आडवी रेघच हवी.

म्हणून भाजक व्ह्यूमध्ये, म्हणजे साच्याला मूल्ये पुरवणाऱ्या पायथन कोडमध्ये, तपासावा, भागाकार करून शंभराने तिथेच गुणावे आणि टेम्प्लेटमध्ये फ्लोटफॉर्मॅट हा फिल्टर २ या मूल्यासह लावून पुढे टक्क्याचे चिन्ह लिहावे. मूल्य न दिल्यास तो एकच दशांश दाखवतो आणि ३४.० चे नुसते ३४ करतो, त्यामुळे तक्त्यातला रकाना वेडावाकडा दिसतो.

शंभराने गुणण्याची जागा एकच असावी, हे मी फजितीतून शिकलो. साठवलेला उतारा आधीच टक्क्यांत होता. मी तो अपूर्णांक समजून पुन्हा गुणला आणि पानावर ३४४६ टक्के झळकले. काट्यावरच्या माणसाने विचारले, “भाऊ, एका गाडीच्या कापसातून चौतीस गाड्या रुई निघाली का?” पायथनचा टक्केवारीचा फॉर्मॅट आणि अँग्युलर या दुसऱ्या वेब-चौकटीचा पर्सेंट पाइप (तिथला फिल्टरच) शंभराने स्वतःच गुणतात, तेव्हा त्यांच्या हाती ०.३४४६ हा अपूर्णांकच द्यावा. जिंजा या पायथनच्याच दुसऱ्या टेम्प्लेट भाषेत फॉर्मॅट फिल्टर वापरताना टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहावे लागते, कारण एकट्या चिन्हाला तिथे वेगळा अर्थ आहे.

शेवटची खबरदारी दशांशांची. पायथनला ०.२९ गुणिले १०० विचारले, तर उत्तर २८.९९९९९९९९९९९९९६ येते, त्याचा पूर्णांक भाग कापून घेतला की हातात २८ उरतात. तेव्हा आकडा छाटू नये, हव्या त्या दशांशापर्यंत जवळच्या आकड्यात आणावा, तोही पानावर उमटवतानाच; डेटाबेसमध्ये मूळ वजनेच क्विंटलात ठेवावीत.