प्रशासकराज आणि आपण

मंडळी, नमस्कार. पंगत बसायच्या आधी राजकारणावर बोलायला उभं राहणं हे धाडसच. पण कार्यकारिणीनं वेळ दिलाय, तर बोलून घेतो.

भारतात जाऊन आलं की आपण खड्ड्यांच्या, तुंबलेल्या गटारांच्या, अडलेल्या दाखल्यांच्या गोष्टी सांगतो. माझ्याकडेही आहे. वडील गेल्यावर घरपट्टीवर आईचं नाव लावायला मी महापालिकेच्या एका कार्यालयात खेटे घालत होतो. शेजारच्या काकांना म्हटलं, नगरसेवकाला भेटू या का? ते म्हणाले, "कुठला नगरसेवक? सध्या कुणीच नाही." आणि हे त्यांनी आज पाणी येणार नाही म्हणावं तितक्या सहज सांगितलं.

तो सहजपणा मला कामापेक्षा जास्त खुपला.

मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई आणि औरंगाबादची तर २०२० मध्येच. तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या, म्हणजे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना. कोर्टात तारखांवर तारखा. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी, असं संविधानाच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं तेव्हा कुठं गाडं हललं, आणि २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधल्या काळात दोन्ही आघाड्यांची सरकारं होऊन गेली, त्यामुळे कुणी एकमेकांकडे बोट दाखवू नये.

मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वरचा होता. तो प्रशासनानंच मांडला, आणि मंजुरी देणारे प्रशासक म्हणजेही आयुक्तच. २२७ नगरसेवकांचं सभागृह रिकामं. आता नगरसेवक काही संत नव्हेत. टक्केवारी आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांना पाच वर्षांनी दारात यावं लागतं. प्रशासकाची बदली होते.

आणि आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या घरांतून सूर काय होता? "बरं झालं, राजकारणी गेले, एखादा कडक आयएएस असला की कामं होतात." हे मी याच हॉलमध्येही ऐकलंय. सरकार चुकलं हे खरंच, पण मोर्चा निघावा इतकंही ते कुणाला खुपलं नाही. पुढे मतदानाची वेळ आली तेव्हा कल्याण-डोंबिवलीसह अनेक ठिकाणी उमेदवार बिनविरोध निवडून आले. समोर कुणी उभंच नाही, किंवा राहू दिलं नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." त्या ग्रामसभेनं २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. निर्णय सर्वसहमतीनं होतात, म्हणजे विरोध करणाऱ्याला हिणवून चालत नाही, त्याचं ऐकून त्याला पटवावं लागतं. शहरातल्या माणसाला अशी सभाच नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली, पण ती कधी भरली ते आठवणारा मला अजून भेटलेला नाही.

इथं कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन कायदा आहे. सिटी कौन्सिलची बैठक खुली असते आणि कुणालाही उठून बोलता येतं. मी जातो अधूनमधून. लोक रटाळ बोलतात, कधी वेड्यासारखंही बोलतात. कौन्सिलवाले मुकाट ऐकून घेतात. आपल्यापैकी किती जण तिथं दिसतात? कुठल्या घराला कुठली शाळा, हा हद्दीचा प्रश्न आला की स्कूल बोर्डाच्या बैठकीला, तेवढ्यापुरते.

तेव्हा तिकडच्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. आपल्यापैकी बरेच जण आता तिथले मतदारही नाहीत. भारतीय पासपोर्ट ज्यांच्याकडे आहे त्यांनाही मत द्यायला तिथं जावं लागतं. पण सुट्टीत गेलात तर एक करा. आपल्या प्रभागात कोण निवडून आलंय ते विचारा, त्यांना भेटा, क्षेत्रसभा कधी घेणार ते विचारा. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला 'भक्त' किंवा 'गुलाम' म्हणण्याआधी त्याच्या गल्लीत पाणी येतं का, हे विचारा.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या वार्षिक सभेला गेल्या खेपेस कोरम भरला नव्हता, अर्ध्या तासानं तहकूब सभा घेतली आणि जमाखर्च टाळ्यांनी मंजूर झाला. यंदा हिशेब आठवडाभर आधी पाठवा. मला दोन प्रश्न विचारायचेत.