बुलपेनचं दार उघडलं की

नमस्कार मंडळी. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. कट्ट्याच्या लोकांनी विषय विचारला तेव्हा मी बेसबॉल म्हटलं तर फोनवर पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाले अहो मागच्या महिन्यात आपल्याकडे संतसाहित्यावर झालं. म्हटलं हरकत नाही, यातही हरिनाम घ्यायची वेळ येतेच.

पुढच्या दोन रांगांत भारतातनं सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा लोक दिसतायत, त्यांच्यासाठी आधी थोडंसं. मॅच नऊ इनिंगची, इनिंगला तीन आऊट, म्हणजे समोरच्यांचे एकूण २७ आऊट काढायचे. बॉल टाकणारा तो पिचर, आणि सुरुवातीला जो टाकतो तो स्टार्टर. पूर्वी एकच गडी नऊच्या नऊ इनिंग टाकायचा, आता पाच-सहा झाल्या की त्याला बसवतात, कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना त्याचा बॉल ओळखीचा झालेला असतो, शिवाय खांदा आणि कोपर जपायचं असतं, करोडो डॉलरचं कोपर आहे ते. मग उरलेले दहा-बारा आऊट काढायला जे येतात ते रिलीव्हर. ते कुंपणापलीकडे एका बाजूला बसून असतात, त्या जागेला बुलपेन म्हणतात आणि त्या अख्ख्या गँगलाही बुलपेनच म्हणतात. २६ जणांची टीम, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर, पाचेक स्टार्टर सोडले तर आठ जण या बुलपेनचे. शेवटची इनिंग टाकतो तो क्लोजर. डेथ ओव्हर्सचा बॉलर म्हणा हवं तर, फक्त इथे १६२ मॅचेस असतात आणि डेथ ओव्हर्स जवळजवळ रोज.

तर मला बोलायचंय ते २०२३ च्या आपल्या रेंजर्सबद्दल, म्हणजे इथल्या टेक्सस रेंजर्स या बेसबॉल टीमबद्दल. आपल्या म्हणजे आता डॅलसला राहून वीस वर्षं झाली, रेशनकार्ड इथलंच.

मागचं थोडं सांगतो. २०२१ ला ही टीम १०२ मॅचेस हरली होती. त्या वर्षाच्या शेवटी मालकांनी तिजोरी उघडली, कोरी सीगरला दहा वर्षांचे ३२ कोटी ५० लाख डॉलर, मार्कस सेमियनला सात वर्षांचे १७ कोटी ५० लाख. तरी २०२२ ला ९४ हरले. मग पिचर जेकब डिग्रॉम आणला, पाच वर्षांचे १८ कोटी ५० लाख, आणि मॅनेजर म्हणून ब्रूस बोचीला रिटायरमेंटमधनं उठवून आणलं. याच बोचीने २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोकडनं आपल्याला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, हरवलं होतं, पण सोयरीक जुळवताना जुनी भांडणं काढायची नसतात.

३० मार्चला पहिली मॅच, फिलाडेल्फिया समोर. डिग्रॉमने पहिल्याच दिवशी पाच रन दिल्या, मी कपाळाला हात लावला, आणि मग चौथ्या इनिंगमध्ये आपल्या लोकांनी नऊ रन काढल्या आणि मॅच ११-७ ने खिशात. सगळा सीझन तसाच निघाला बघा. पहिल्या ६० मॅचेसमध्ये ४० जिंकल्या. डिग्रॉम सहा मॅच टाकून कोपराच्या ऑपरेशनला गेला तरी गाडी थांबली नाही, बॅटिंग अशी की दुपारी जेवायला बसल्यासारखी आरामात रन काढतायत.

आता तुम्हाला वाटेल लोक खूश असतील. अजिबात नाही. ऑफिसमध्ये कॉफी मशीनपाशी, ग्रोसरीच्या लायनीत, मुलांच्या सॉकर प्रॅक्टिसला, कोणालाही म्हणा काय मस्त चाललीय टीम, समोरचा लगेच तोंड कडू करून म्हणणार हो पण बुलपेन. दोनच शब्द. हो पण बुलपेन. मुलीला चांगलं स्थळ आलं, मुलगा शिकलेला, घर चांगलं, हो पण सासू, तसं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, रिटायर्ड, जन्म टेक्ससचा, रेंजर्स १९७२ ला वॉशिंग्टन सोडून इथे आले तेव्हापासूनचे फॅन. मॅच बघताना पेन्सिलने स्कोअरकार्ड भरतात, प्रत्येक बॉलची नोंद, अक्षर असं की तलाठ्याने सात-बारा लिहावा. पण आपण एक-दोन रननी पुढे असलो आणि आठवी इनिंग संपली की पेन्सिल कानावर, चपला पायात, आणि बाहेर येऊन बागेला पाणी घालणार. नववी इनिंग ते बघतच नाहीत. रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि पाण्याचा आवाज येतोय म्हणजे मॅच अटीतटीची, हे आम्हाला टीव्ही न लावता कळायचं. त्या वर्षी त्यांचं लॉन अख्ख्या गल्लीत सगळ्यात हिरवं होतं.

मी एकदा विचारलं, आजोबा असं का? ते म्हणाले, २०११. बस, एवढंच.

२७ ऑक्टोबर २०११. सेंट लुईसमध्ये वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, ती जिंकली की कप आपला. नवव्या इनिंगला आपण ७-५ ने पुढे, दोन आऊट झालेले, बॅटरवर दोन स्ट्राइक, तीन झाले की आऊट, म्हणजे एक बॉल, फक्त एक बॉल हवा होता. क्लोजर होता नेफ्ताली फेलिझ. डेव्हिड फ्रीझने तो बॉल असा मारला की उजवीकडचा नेल्सन क्रूझ मागे धावत गेला आणि बॉल त्याच्या डोक्यावरनं गेला, दोन रन, बरोबरी. दहाव्या इनिंगला आपल्या हॅमिल्टनच्या होमरनने, म्हणजे इथल्या सिक्सरने, आपण पुन्हा दोन रननी पुढे, आणि पुन्हा दोन आऊट, पुन्हा दोन स्ट्राइक, आणि पुन्हा बरोबरी. अकराव्याला त्याच फ्रीझने होमरन मारून संपवलं, १०-९. दुसऱ्या दिवशी सातवी मॅचही हरले. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा एकाच रात्रीत दोनदा गेलेला मी तरी दुसरीकडे बघितलेला नाही.

आपल्या पिढीला हे समजवायला नको. शारजा, १९८६, शेवटचा बॉल, चार हवेत, चेतन शर्मा आणि मियाँदाद. इथे बसलेल्या पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला तो फुलटॉस आत्ता डोळ्यांपुढे दिसतोय, बघा काका मान हलवतायत. पण त्याच चेतन शर्माने पुढच्याच वर्षी नागपुरात न्यूझीलंडचे ओळीने तीन गडी बोल्ड केले, तिन्ही बोल्ड, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, आणि तीही आपल्या विदर्भात. ती कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. नागपूरचे कोणी आहेत का? हां, तुम्ही सोडून.

शेवटचा बॉल टाकणाऱ्याच्या नोकरीची गंमत हीच आहे. सेव्ह नावाचा एक हिशोब आहे बेसबॉलमध्ये, १९६९ पासून अधिकृत. ढोबळ सांगायचं तर तीन किंवा कमी रनची आघाडी घेऊन आलास आणि मॅच जिंकून संपवलीस की तुला सेव्ह. आघाडी घालवलीस की ब्लोन सेव्ह, म्हणजे घालवलेली. ब्लोन सेव्ह सातव्या इनिंगमधल्या बिचाऱ्यालाही लागतो, ज्याला सेव्ह मिळायची तशी शक्यताच नसते कारण नवव्याला दुसराच कोणी येणार असतो. बढती नाही पण मेमो मिळू शकतो, सरकारी नोकरी केलेल्यांना कळेल. आणि ब्लोन सेव्ह झाला म्हणजे मॅच हरलीच असंही नाही, बॅटिंगने पुन्हा ओढून आणली असंही होतं.

तर २०२३ ला आपल्या रेंजर्सचे सेव्ह होते ३०. आणि ब्लोन सेव्ह ३३.

हसताय, पण आम्ही ते जगलोय. क्लोजर विल स्मिथ, ऑस्करवाला नव्हे, हा डावखुरा पिचर, आधीच्या दोन वर्षांत अटलांटा आणि ह्यूस्टन अशा दोन वेगवेगळ्या टीमबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकून आलेला, म्हणजे पायगुण म्हणावा तर उत्तम, पण पुढे पुढे तो यायला लागला की स्टेडियममध्ये लोक घड्याळ बघायला लागायचे. जूनच्या शेवटी आरोल्डिस चॅपमनला आणलं, ताशी शंभर मैलाने टाकणारा, बदल्यात कोल रेगन्स नावाचा तरुण पोरगा देऊन टाकला जो पुढे कॅन्सस सिटीत जाऊन ऑल-स्टार झाला. चॅपमनचं कसं, बॉल भन्नाट, पण दिशा त्याची त्यालाच ठाऊक. स्टेडियममध्ये आपल्या रिलीव्हरने आल्या आल्या पहिल्याच बॅटरला वॉक दिला ना, चार बॉल बाहेर टाकून फुकट बेसवर जाऊ दिला, की हजारो लोकांच्या तोंडून एक आवाज येतो, आरडाओरडा नसतो तो, नुसता हंऽऽ. दुधाचं पातेलं उतू जाताना लांबून दिसावं आणि आपण पोचू शकू नये, तसा.

ऑगस्टमध्ये ओळीने आठ मॅचेस हरले. मग चर्चा काय, सगळं खापर बुलपेनवर. इथे माझं मत जरा वेगळं आहे आणि त्यावरून माझी मित्रांशी भांडणं झालेली आहेत. त्या वर्षी आपण ८८१ रन काढल्या आणि ७१६ दिल्या. एवढा फरक म्हणजे टीम जबरदस्तच. दहा रननी जिंकायच्या त्या दहा रननी जिंकत होते आणि एका रनवर आलेल्यात जिंकण्यापेक्षा हरत जास्त होते. म्हणजे बुलपेन कच्चं होतंच, मी नाही म्हणत नाही. पण ब्लोन सेव्ह घालवायला आधी आघाडी असावी लागते हो! २०२१ ला १०२ हरलो तेव्हा बुलपेनला शिव्या घालताना मी कोणाला ऐकलं नाही, तेव्हा चौथ्या इनिंगलाच लोक पार्किंगकडे निघालेले असायचे. ज्याच्या घरात काही नाही त्याला चोराची भीती कुठली. ६० पैकी ४० जिंकल्या आणि मगच आम्हाला कुलूप आठवलं. आमची बायको म्हणते तुम्हाला जिंकल्याचा आनंद होतच नाही, फक्त हरलो नाही म्हणून सुटल्यासारखं वाटतं. ते खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटच्या दिवशी सिएटलला १-० ने हरलो, ह्यूस्टन आणि आपण दोघेही ९० विजयांवर, पण आपसातल्या मॅचेस त्यांनी जास्त जिंकलेल्या म्हणून डिव्हिजन, म्हणजे आमच्या गटातला पहिला नंबर, त्यांचं. आपण मागच्या दाराने प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत.

आणि मग वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत समोर परत ह्यूस्टनच आलं. पाचवी मॅच, २० ऑक्टोबर, शुक्रवार, नवरात्र चाललेलं आणि आमच्याकडे भोंडला. मागच्या अंगणात पाटावर हत्ती काढलेला, भोवती बायका फेर धरून, आत आम्ही चारपाच पुरुष टीव्हीसमोर. आपण ४-२ ने पुढे. आठव्यात आपल्या गार्सियाला बॉल लागला, दोन्ही टीम मैदानात उतरल्या, बराच वेळ धक्काबुक्की आणि चर्चा, आणि होजे लेक्लर्क, आठव्यातला शेवटचा आऊट काढून बसलेला, एव्हाना स्मिथच्या जागी आलेला आपला क्लोजर, तेवढा वेळ थंड होत बसला. नवव्याला आला, दोन जण बेसवर गेले, आणि होजे आल्टुवेने होमरन मारली. ५-४. आत एकदम सामसूम. नेमकं त्याच वेळी बाहेर खिरापत ओळखायचं चालू होतं, गोड की तिखट, गोड की तिखट, आणि एक काकू खिडकीतनं आत डोकावून म्हणाल्या, तुम्ही ओळखा की. आमच्यातला एकजण म्हणाला, कडू.

सगळे म्हणाले संपलं, २०११ झालं परत. आणि मग ही टीम ह्यूस्टनमध्ये जाऊन दोन्ही मॅचेस जिंकली, ९-२ आणि ११-४. त्या प्लेऑफमध्ये बाहेरच्या मैदानावर अकरा खेळले आणि अकराच्या अकरा जिंकले. घरी मात्र जीव टांगणीला.

वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच अॅरिझोनाशी, आर्लिंग्टनमध्ये, आणि तारीख कुठली असावी? २७ ऑक्टोबर. बरोबर बारा वर्षं. आमच्याकडे कोजागिरी, दूध आटतंय, आपण नवव्याला ५-३ ने मागे. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसऱ्याचं बुलपेन फुटताना बघितलं, त्यांच्या क्लोजरला सीगरने होमरन मारली, बरोबरी, आणि अकराव्याला गार्सियाने संपवलं. दुसऱ्याचं दूध उतू जाताना बघण्यात काय सुख असतं ते कोजागिरीला कळलं, चांगली भावना नाही ती, पण होती.

१ नोव्हेंबरला फिनिक्समध्ये पाचवी. इओव्हाल्डीने सहा इनिंग एकही रन दिली नाही, मग चॅपमन आला, मग जॉश स्बॉर्झ. हा स्बॉर्झ म्हणजे सीझनभर नऊ इनिंगमागे साडेपाच रनच्या हिशोबाने मार खाल्लेला माणूस, आणि प्लेऑफच्या सगळ्या १२ इनिंगमध्ये मिळून त्याच्या नावावर एक रन. तोच शेवटच्या सात आऊटसाठी मैदानावर. आठवी संपली तेव्हा आपण नुसत्या १-० ने पुढे. नवव्याला सेमियनच्या होमरनसकट चार रन मिळाल्या, ५-० झालं, पण मला बाहेरनं पाण्याचा आवाज येतच होता.

शेवटच्या बॉलवर केटेल मार्टे नुसता बघत उभा राहिला, स्ट्राइक थ्री. मी तसाच अनवाणी बाहेर पळालो. आजोबा पाठमोरे, पाईप गुलाबाच्या वाफ्यावर, वाफ्याचं तळं झालेलं. मी म्हटलं, आजोबा, जिंकलो. त्यांनी वळून बघितलं नाही. कोण टाकत होतं, म्हणाले. मी म्हटलं, स्बॉर्झ.

तो? म्हणाले, आणि नळ बंद करायला गेले.