भिंतीतलं भोक

मंडळी, पत्रिकेवर विषय 'युरोपीय संघ : घट्ट की सैल?' असा छापलाय. परवा अध्यक्षांनी फोनवर विचारलं, "ब्रेग्झिट, म्हणजे ब्रिटनचं संघातून बाहेर पडणं, येणार ना त्यात?" म्हटलं, येणार, पण आमच्या सदाशिव पेठेतल्या पाण्याच्या मोटारीवरून येणार.

आमची सोसायटी चौदा बिऱ्हाडांची, शेजारची सोळा. मध्ये कंपाउंडची भिंत. दोन्हीकडे स्कूटर वळवायची बोंब. मग एका रविवारी संयुक्त सभा झाली आणि ठरलं, भिंत पाडायची. वॉचमन एक, बोअर एक, मोटार एक. पेढे वाटले. सेक्रेटरी मीच. तीन पानी करार मी स्वतःच्या हातानं लिहिला. मोटारीचं बिल निम्मं-निम्मं, वॉचमनचा पगार निम्मा, गणपती सम वर्षी आमच्या जिन्याखाली, विषम वर्षी त्यांच्या. आरतीनंतरच्या खिरापतीचंसुद्धा कलम होतं. हसू नका, त्यावर पाऊण तास चर्चा झाली होती. फक्त 'नाही पटलं तर काय?' हे कुणी विचारलं नाही. शुभकार्यात कोण विचारणार?

सहा वर्षांनी नाही पटलं. त्यांच्याकडे बिऱ्हाडं जास्त, बिल मात्र निम्मं, असं आमचं म्हणणं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज पाइपानं गाडी धुतात, असं त्यांचं. (खरं होतं ते. काकू आज आलेल्या नाहीत म्हणून सांगतो.) झालं, भिंत परत बांधा! आता विटा कुणाच्या पैशानं? आणि घोळ असा की मोटार त्यांच्या हद्दीत, मीटर आमच्या जिन्याखाली. नऊ महिने सभा चालल्या. शेवटी भिंत उभी राहिली, पण मोटारीची वायर जायला मध्ये वीटभर भोक ठेवावं लागलं. ते अजून आहे. त्यातून मांजर येतं-जातं. हे भोक लक्षात ठेवा.

चिठ्ठी आली, सात मिनिटं. बरं, पळतो.

युरोपीय संघाचं मूळ असं: 1951 साली पॅरिसला सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका देखरेखीखाली आणलं. लढाईला लागणारा मालच सामाईक केला, म्हणजे चोरून तयारी करता येऊ नये. 1957 च्या रोम कराराच्या प्रस्तावनेत तर अधिकाधिक घट्ट होत जाणाऱ्या एकजुटीची भाषा आली. सोडून जाण्याचं कलम? नाही. पेढे वाटून झाले होते! 1985 साली ग्रीनलंड मुख्यतः मासेमारीवरून बाहेर पडला, तेव्हा त्याच्यापुरती करारात दुरुस्ती करावी लागली. बाहेर कसं पडायचं ते लिहिलं गेलं लिस्बन करारात; तो लागू झाला डिसेंबर 2009 मध्ये. तेच ते पन्नासावं कलम.

ब्रिटननं 23 जून 2016 ला कौल दिला, 51.9 टक्के बाहेर पडा म्हणाले. नोटीस मार्च 2017 मध्ये, मुदत दोन वर्षांची, प्रत्यक्षात निघाले 31 जानेवारी 2020 ला. आणि भोक कुठे राहिलं? उत्तर आयर्लंडात. तो ब्रिटनचा भाग, आणि शेजारचा आयर्लंड देश संघातच राहिलेला. 1998 च्या शांतता करारानंतर त्या दोघांमधल्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेवर चौक्या परत नको होत्या. मग ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालाची तपासणी बंदरात आली. 2023 मध्ये ती व्यवस्था पुन्हा शिवावी लागली.

लोक म्हणतात, दार दाखवलं की माणसं जातात. मला उलट वाटतं. दार आहे, पलीकडे काय खर्च येतो तेही दिसलं, आणि ब्रिटननंतर संघातून दुसरा देश गेलेला नाही. संघाबाहेरचं उदाहरण घ्या: चेकोस्लोव्हाकिया या एका देशानं 1 जानेवारी 1993 ला चेक आणि स्लोव्हाक असा संसार मोडला तो सार्वमत न घेता. मालमत्ता ढोबळमानानं लोकसंख्येवर, दोनास एक. असं सूत्र आमच्याकडे असतं तर नऊ महिने वाचले असते. लांब कशाला, आपली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली आणि पुढे वेगळी निघाली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान देईन, कुणी बोलावलं तर.

सार्कचं, म्हणजे आपल्या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचं, राहिलंच. 1985 ला ढाक्यात सुरुवात, शेवटची शिखर परिषद 2014 ला काठमांडूत. तिथे निर्णय एकमतानं आणि दोन देशांमधले वाद चर्चेला घ्यायचेच नाहीत. म्हणजे सभा बोलवा, पण मोटारीच्या बिलाचा विषय काढू नका!

अध्यक्ष उठतायत. प्रश्न जरूर विचारा. फक्त दुसऱ्या रांगेतले ते दोघं शेजारच्या सोसायटीतले आहेत, त्यांना शेवटी माइक द्या.