पाझर तलाव हिरवा कधी होतो?

नमस्कार श्रोतेहो. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, 1972च्या दुष्काळात लोकांनी मजुरीवर खोदलेला. पाऊस पडला की पाणी शेवाळतं, असं तिथं सगळेच म्हणतात. मला ते पटेना. मग मागच्या मृगापासून एक पांढरी ताटली दगड लावून सुतळीने पाण्यात सोडायला लागलो. ताटली दिसेनाशी झाली की सुतळीला गाठ मारायची. युक्ती माझी नव्हे. अँजेलो सेकी या इटालियन पाद्र्यानं 1865 साली ती समुद्रावर वापरली होती.

पहिला लोंढा आला आणि ताटली वीतभर खाली जाताच गडप. पाणी दुधाच्या चहासारखं. काळ्या रानातले चिकणमातीचे कण इतके बारीक, की लवकर तळाला बसतच नाहीत. कापूस-सोयाबीनच्या रानातला युरिया, डीएपी, शेणखत सगळं वाहून आलेलं असतं; सूक्ष्म शैवालापुढं ताट वाढलेलं, पण उजेडच नाही. त्यात सांडवा सुटला की होतं नव्हतं तेही वाहून जातं.

पाणी हिरवं होतं ते पावसानं उघडीप दिली की. भादव्याचं ऊन पडलं, गाळ बसला, आणि आठवडाभरात रंग पालटला. एका पेशीचे हे जीव. अनुकूल दिवस मिळाले तर काही जाती दिवसात दुप्पट होतात. मासे पाळणाऱ्यांनो, इथं जपा. दिवसा हेच शैवाल प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं, की पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. अशा वेळी खाद्य बंद करा, पंप लावून पाणी वरून पाडा.

हिवाळ्यात दगडांवर जो तपकिरी बुळबुळीत थर चढतो, त्यात डायटम नावाचे एकपेशीय शैवाल असतात. त्यांचं कवच काचेसारखं, सिलिकाचं; आणि सिलिका तर आपला काळा पाषाणच झिजून देतो.

उन्हाळ्यात पाणी आटतं, तापतं, तेव्हा नील-हरित शैवालाचं फावतं. त्यातल्याच मायक्रोसिस्टिस नावाच्या शैवालाच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते वर तरंगतं आणि वारा त्याला काठाशी लोटतो, सांडलेल्या हिरव्या रंगासारखं. तिथं जनावरं पाजू नका. त्यातलं विष उकळूनही जात नाही.

वैशाखात तळ भेगाळला तेव्हा मी एक वाळकं ढेकूळ घरी आणलं, काचेच्या बरणीत उकळून गार केलेल्या पाण्यात टाकून खिडकीत ठेवलं. बायको म्हणाली, "चिखलाचं लोणचं घालताय का?" पंधरा दिवसांनी बरणीच्या उन्हाकडच्या बाजूला हिरवी झाक आली होती.